प्रस्तावना : पाणवठा कोणाच्या नकाशात?

प्रादेशिक योजनेचा नकाशा उघडला की आधी डोळ्यांत भरतात ते रंग. पिवळा राहण्याच्या जागांचा, जांभळा उद्योगांचा, हिरवा शेतीचा नि जंगलाचा, निळा पाण्याचा. जमिनीची दलाली करणाऱ्यांना हे रंग नियोजनकारांपेक्षाही चांगले पाठ असतात. ‘यलो झोन’ म्हणजे काय, हे आता गावातल्या चहाच्या टपरीवरही कोणाला समजावून सांगावं लागत नाही. या रंगांत एक जागा मात्र सहसा सापडत नाही, ती म्हणजे लोक जिथून पिण्याचं पाणी घेतात ती. निळ्या रंगात नदी दिसते, धरणाचा जलाशय दिसतो. पण अमुक शहराची जॅकवेल नदीच्या कोणत्या वळणावर आहे, या गावच्या नळयोजनेची विहीर कोणत्या गटात आहे आणि तिच्यात पाणी कोणत्या उतारावरून मुरत येतं, हे तो निळा रंग सांगत नाही. हे पुस्तक त्या जागेविषयी आहे. योजना हातात घेऊन तिच्यात पिण्याच्या पाण्याचा स्रोत शोधायचा, तो सापडला तर त्याला खरंच संरक्षण आहे का ते तपासायचं, एवढाच त्याचा उद्योग.

कायद्यात उणं आहे, असं कोणी म्हणू नये. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. प्रादेशिक योजनेत काय काय असावं, हे त्याच्या कलम १४ मध्ये सांगितलं आहे. जमिनीच्या वापराची वाटणी, रस्ते, उद्यानं यांच्याबरोबर त्यात पाणीपुरवठा, सांडपाण्याची विल्हेवाट, जमिनीची धूप थांबवणं, नद्या-तलावांचे काठ सुधारणं आणि नद्यांचं प्रदूषण रोखणं हेही आलं आहे. साठ वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्यांची नजर लांबची होती. घसरण पुढे झाली. योजनेच्या अहवालात पाण्याचं प्रकरण बहुतेक एकाच साच्यात लिहिलं जातं. आजची लोकसंख्या, वीस वर्षांनंतरची लोकसंख्या, माणशी लिटर, एकूण मागणी, तूट आणि ती भरून काढणारं धरण. हिशेब बरोबर असतो. पण त्यात पाणी हे फक्त परिमाण असतं. ते एका ठरावीक डोंगराच्या कुशीतून, ठरावीक शेतांमधून आणि वस्त्यांच्या कडेनं वाहत येतं, आणि त्या डोंगराचा, शेताचा, वस्तीचा रंग याच अहवालासोबतच्या नकाशात आपण बदलतो आहोत, ही जोड अहवालाच्या दोन प्रकरणांमध्ये कुठेतरी तुटते.

मुंबईचे तीन तलाव शेजारी शेजारी ठेवून पाहिले की ही तुटलेली जोड स्पष्ट दिसते. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, पवई त्यानंतर दहा-बारा वर्षांनी बांधलेला. तिन्ही एकाच डोंगररांगेच्या आश्रयानं, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर. पाऊस तोच, खडक तोच. विहार आणि तुळशी आजही मुंबईला पिण्याचं पाणी देतात. वाटा थोडा आहे, पण आहे. पवईचं पाणी पिण्यासाठी चालत नाही. ते कारखान्यांना आणि इतर वापराला जातं. तुळशी आणि विहार संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत. पवईभोवती शिक्षणसंस्था आल्या, कारखाने आले, मग इमारती आल्या आणि सांडपाण्याचे नाले तलावाकडे वळले. या तिघांच्या नशिबात फरक पाडणारी गोष्ट नियोजनाची नव्हती. जंगल होतं तिथे पाणी राहिलं, नव्हतं तिथे गेलं. मुंबईच्या मोठ्या स्रोतांनाही हेच लागू पडतं. तानसा आणि मोडकसागर यांच्या पाणलोटाला तानसा अभयारण्याचा आधार आहे. म्हणजे देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या पाण्याची राखण नगररचना खात्याच्या नकाशापेक्षा वनखात्याच्या पहारेकऱ्यानं जास्त केली आहे. हे वाक्य नगररचनाकार मित्रांना टोचेल, पण त्यांनी ते खोडून दाखवावं.

शिवाय ही मोठी धरणं मुंबई महानगर प्रदेशाच्या प्रादेशिक योजनेच्या हद्दीबाहेर आहेत. १९७३ मध्ये पहिली योजना मंजूर झाली, १९९९ मध्ये दुसरी, २०२१ मध्ये तिसरी. प्रदेशाची हद्दही वाढत गेली; वसई, पालघर, पेण, अलिबागपर्यंत ती पसरली. शहापूर तालुका मात्र तिच्यात नाही. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणं आहेत त्या शहापुरात. जो प्रदेश पाणी पितो त्याची योजना एक, आणि जिथून पाणी येतं तिथली योजना दुसरी. उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर जातात, हा त्याच व्यवस्थेचा दुसरा चेहरा.

पुण्याची गोष्ट उलटी आहे. तिथे स्रोत आणि शहर एकाच जिल्ह्यात, एकाच खोऱ्यात. खडकवासला, त्यावर पानशेत, वरसगाव आणि टेमघर. या साखळीवर शहर उभं आहे. वरसगावच्या फुगवट्यालगत लवासा हे नगर उभं राहिलं. १९९६ च्या गिरिस्थान धोरणानं पुणे प्रदेशाच्या योजनेत अशा नगरांना दार उघडून दिलं होतं, २००८ मध्ये लवासाला स्वतंत्र विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं बांधकाम थांबवण्याची नोटीस दिली. या वादाच्या कायदेशीर बाजूत इथे शिरायचं नाही. योजना तपासणाऱ्यानं यातून घ्यायचा धडा साधा आहे. शहराच्या पिण्याच्या पाण्याचं धरण ज्या डोंगरातून भरतं, त्या डोंगरावर नगर वसवण्याचा निर्णय घेताना ‘हे पिण्याच्या पाण्याचं पाणलोट आहे’ असं ठणकावून सांगणारी एक तरी ओळ योजनेत होती का? असती तर वाद वेगळ्या पायरीवरून सुरू झाला असता. टाउनशिपच्या नियमांत जलाशयाच्या काठाचा पट्टा वगळलेला असतो, हे खरं. पण काठ म्हणजे पाणलोट नव्हे. काठापासून चार किलोमीटर वरच्या ओढ्यात सोडलेलं सांडपाणीही त्याच जलाशयात येतं.

खाली धरणाच्या पायथ्याशी तर आणखी घाईचा कारभार आहे. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. सोसायट्या त्याआधीच आल्या होत्या. सांडपाण्याच्या वाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्र यायचं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या याच पट्ट्यात गीयाँ-बारे सिंड्रोम या आजाराचे रुग्ण एकामागोमाग सापडू लागले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळले आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. तिथे विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता क्लोरिन मिसळून पुरवलं जात होतं. वर्तमानपत्रांनी क्लोरिनच्या मात्रेची चर्चा केली आणि ती करायलाच हवी होती. पण त्याआधीचा प्रश्न नियोजनाचा आहे. एवढ्या दाट वस्तीला परवानगी देताना त्या विहिरीचं काय होणार, हे कोणत्या टेबलावर विचारलं गेलं?

पुण्यातून पाणी पुढे जातं. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत. उजनीचं पाणी सोलापूर पितं. एका प्रदेशाच्या योजनेत जो ‘सांडपाणी’ या शीर्षकाखालचा मजकूर आहे, तोच दुसऱ्या प्रदेशाच्या योजनेत ‘पाणीपुरवठा’ या शीर्षकाखाली येतो. दोन्ही अहवाल वेगवेगळ्या कपाटांत असतात. पुण्याच्या योजनेचं मूल्यमापन सोलापूरच्या नळावर व्हायला हवं, हे ऐकायला कितीही विचित्र वाटलं तरी त्याला पर्याय नाही.

स्रोत बिघडला की शहर काय करतं? दूर जातं. इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची साथ आली आणि माणसं दगावली. पंचगंगेचं पाणी किती बिघडलं आहे, हे सांगायला त्यानंतर प्रयोगशाळेची गरज उरली नाही. शहरानं कृष्णेकडे पाहिलं, मग वारणेकडे, मग दूधगंगेकडे. वारणाकाठच्या गावांनी विरोध केला, दूधगंगेकाठीही तेच झालं. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं म्हणता येत नाही. तुमची नदी तुम्ही बिघडवलीत, आता आमची नेणार? कोल्हापूरनं काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन टाकली आणि २०२३ मध्ये ते पाणी शहरात आलं. अशा प्रत्येक योजनेचा खर्च मोजला जातो, उद्‌घाटनं होतात, श्रेय घेतलं जातं. पण पंचगंगा राखली असती तर किती खर्च आला असता, हा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात मांडलेला नाही. माझ्या मते पाइपलाइनची लांबी हे प्रादेशिक योजनेच्या अपयशाचं चांगलं माप आहे.

‘आमच्याकडे नियम आहेत’ हे उत्तर योजना तपासताना हमखास मिळतं. आहेतच. फक्त ते नेमकं कशाचं रक्षण करतात, हे एकेक करून पाहावं लागतं. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखलेली असते; एक पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा माणसाला पुरापासून वाचवतात. पाण्याला माणसापासून वाचवणं हे त्यांचं काम नाही. दोन रेषांच्या मधल्या इमारतीचं जोतं उंच केलं की नियम पाळला जातो. त्या इमारतीचं सांडपाणी कुठे जातं, हे वेगळं प्रकरण. भूजलाचंही तसंच. महाराष्ट्रानं १९९३ मध्ये खास पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचा कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून त्याच पाणलोटात ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदायची नाही, असं त्यानं सांगितलं. त्या काळात हे पाऊल धाडसाचं होतं. पण ते उपसा रोखण्यासाठी होतं. त्याच पाचशे मीटरांत शोषखड्डे, गोठे, सोसायटीच्या सेप्टिक टाक्या यांना तो कायदा काही म्हणत नव्हता. आता त्याच गावाला महसूल कायद्यातली दुसरी तरतूद लावून पाहा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन निवासी वापरासाठी बिगरशेती मानली जाते. गावची सार्वजनिक विहीर बहुधा असते कुठे? गावठाणाच्या कडेला, ओढ्याच्या अंगाला, म्हणजे नेमकी त्या पट्ट्यात. उपशाचा कायदा विहिरीभोवती एक वर्तुळ काढतो, घरांचा नियम गावाभोवती दुसरं. दोन्ही वर्तुळं एकमेकांत अडकतात आणि नकाशावर कोणीच ती एकत्र काढत नाही.

शिवाय वर्तुळ हा आकारच आपल्या जमिनीला मानवत नाही. राज्याचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा. त्यात पाणी राहतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या सांध्यांत, भेगांत. ते उतार धरून येतं. विहिरीच्या खालच्या अंगाला तीनशे मीटरवर असलेल्या गोठ्यानं काही बिघडणार नाही, आणि वरच्या अंगाला आठशे मीटरवरचा कचरा डेपो तिचं वाटोळं करील. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेनं राज्याचे दीड हजारांच्या आसपास पाणलोट आखून ठेवले आहेत, ते याचसाठी. प्रादेशिक योजनेचा नकाशा आणि पाणलोटांचा नकाशा एकावर एक ठेवायला यंत्र लागत नाही, इच्छा लागते. २००९ च्या भूजल अधिनियमानं चौकट मोठी केली. तो लागू झाला २०१४ मध्ये आणि नियमांचा मसुदा आला २०१८ मध्ये. वेग असा.

एक नियम मात्र खरोखर स्रोताकडे पाहून केलेला होता, आणि तो आपण काढून टाकला. राज्याच्या नदी धोरणानं २००० साली नद्यांचे टप्पे पाडले होते. ज्या टप्प्यातलं पाणी केवळ निर्जंतुक करून पिण्याला घेता येतं तो पहिला वर्ग, शुद्धीकरण करून घ्यावं लागतं तो दुसरा, आणि असं पुढे. वर्गानुसार कोणता उद्योग नदीपासून किती दूर हवा, ते ठरलेलं होतं. नदीत कोण पाणी पितं, हे पाहून काठावर कोण बसणार ते ठरवायचं, ही कल्पना नियोजनाच्या दृष्टीनं फार मोलाची होती. उद्योगांची तक्रार होती की अंतरं जाचक आहेत, शुद्धीकरणाचं तंत्रज्ञान सुधारलं आहे. तक्रारीत तथ्य नव्हतं असं नाही. अंतरं दुरुस्त करता आली असती. २०१५ च्या फेब्रुवारीत धोरणच रद्द झालं. उल्हास नदी डोळ्यांसमोर आणावी. बदलापूर, मोहने, शहाड इथून एका मागोमाग शहरं तिचं पाणी उचलतात, आणि त्याच नदीत त्याच शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी येतं. अशा नदीसाठी अंतराचा नियम नको, तर मग काय हवं, हे धोरण रद्द करणाऱ्यांनी सांगितलं नाही.

गोव्याकडे थोडं थांबून पाहावं लागेल, कारण प्रादेशिक योजना लोकांनी खरोखर वाचली ती तिथे. २००६ मध्ये योजना जाहीर झाली आणि लोक रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी सरकारला ती मागे घ्यावी लागली. मग चार्ल्स कोरिया यांच्यासारख्यांचा सहभाग असलेल्या कृतिदलानं ‘प्रादेशिक योजना २०२१’ बांधली आणि गावांचे नकाशे ग्रामसभांपर्यंत गेले. या योजनेत परिसंवेदनशील क्षेत्रांचे दोन स्तर आखले गेले. जंगलं, पाणवठे, खाजनं, भातशेती यांना पहिल्या स्तराचं संरक्षण. सड्यावर मुरलेलं पाणी पायथ्याला झरीच्या रूपानं बाहेर येतं, हे गोव्यातल्या म्हाताऱ्या बायकांना ठाऊक असलेलं भूशास्त्र योजनेच्या भाषेत उतरवण्याचा तो प्रयत्न होता. साळावली धरण दक्षिण गोव्याला पाणी देतं, खांडेपार नदीवरचं ओपा फोंडा आणि पणजीला. दोन्ही खोऱ्यांनी खाणी पाहिल्या आहेत, त्यामुळे तिथे ‘पाणलोट’ हा शब्द पुस्तकी नाही.

कागदावर गोव्याची योजना महाराष्ट्रातल्या कोणत्याही योजनेपेक्षा सरस आहे, असं मी म्हणेन. मग तिचं मूल्यमापन का अवघड? कारण योजना ज्या दिवशी मंजूर होते त्या दिवशी संपत नाही. २०१२ मध्ये तिची अंमलबजावणी रोखली गेली. २०१८ मध्ये गोव्याच्या नगररचना कायद्यात कलम १६-ब आलं, २०२३ मध्ये १७(२). योजनेतल्या ‘चुका’ दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका सर्व्हे नंबरचा रंग बदलण्याची सोय झाली. १७(२) खालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं मार्च २०२५ मध्ये रद्द केले. महाराष्ट्रात हेच काम कलम २० करतं. तिथे गाजावाजा कमी होतो एवढंच. एक गट हिरव्याचा पिवळा होतो, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. प्रत्येक बदल लहान असतो आणि एकेकटा पाहिला तर निरुपद्रवी वाटतो. म्हणून मंजूर योजना वाचून कोणी गुण देऊ नयेत. तिच्या फेरबदलांची यादी मागावी आणि ती पाणलोटाच्या नकाशावर मांडावी. योजनेत काय लिहिलं होतं आणि दहा वर्षांनी काय उरलं, यातलं अंतर हेच खरं मूल्यमापन.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं या कामाची पद्धत घालून दिली, ती एका शोकांतिकेनंतर. मे २००० मध्ये वॉकर्टन या छोट्या गावात जोराच्या पावसानं शेतातलं शेण एका उथळ विहिरीपर्यंत पोचलं, क्लोरिनकडे दुर्लक्ष झालं, सात माणसं गेली आणि दोन हजारांहून अधिक आजारी पडली. चौकशी झाली. २००६ मध्ये कायदा आला आणि त्यानुसार स्रोत-संरक्षण योजना झाल्या. तिथे विहिरीभोवती पहिला पट्टा १०० मीटरचा, पण त्यापुढचे पट्टे अंतरानं नाही तर वेळेनं मोजतात. पाण्याला विहिरीपर्यंत यायला दोन वर्षं लागतात तो एक, पाच वर्षांचा दुसरा, पंचवीस वर्षांचा तिसरा. कोणत्या पट्ट्यात काय चालणार नाही, हे ठरतं, जमीनवापराच्या निर्णयांवर ते बंधनकारक असतं आणि दरवर्षी प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो. आपल्या कातळात ही गणितं तशीच्या तशी लागणार नाहीत. पण ‘ही योजना मोडली तर कोण अडवणार, आणि दरवर्षी कोण तपासणार’ हे दोन प्रश्न कोणत्याही खडकात लागू पडतात. आपल्याकडे २०१९ पासून जल जीवन मिशननं घरोघरी नळ आणि माणशी ५५ लिटर हे उद्दिष्ट ठेवलं आणि काम मोठं केलं. मोजणी मात्र नळांची होते. नळामागची विहीर फेब्रुवारीत आटली किंवा तिच्यात नायट्रेट वाढलं, तरी नळाची नोंद तशीच राहते.

आता एका आक्षेपाचं उत्तर द्यायला हवं, कारण तो सर्वांत प्रामाणिक आहे. पाणलोटात राहणारा शेतकरी विचारतो, शहरानं प्यावं म्हणून मी घर बांधायचं नाही, रासायनिक खत टाकायचं नाही, जमीन विकायची नाही. मला काय मिळणार? धरणात ज्यांच्या आधीच्या पिढीची गावं बुडाली त्यांच्या तोंडून हा प्रश्न आला तर त्याला उत्तर नाही. संरक्षण म्हणजे वरच्यांवर निर्बंध आणि खालच्यांना पाणी, असा एकतर्फी सौदा असेल, तर योजना कितीही शास्त्रीय असो, ती टिकणार नाही, टिकूही नये. पाणी पिणाऱ्या शहरानं पाणलोटातल्या गावांच्या सांडपाण्याचा खर्च उचलायचा, शेतीच्या नुकसानीची भरपाई द्यायची, गावाच्या पाण्याची सोय आपल्या आधी करायची, या गोष्टी योजनेतच लिहिलेल्या हव्यात. पुढच्या प्रकरणांत योजनांना गुण देताना हा निकष आम्ही शेवटी नाही, मध्ये ठेवला आहे. काही वाचकांना त्यामुळे चांगल्या वाटणाऱ्या योजना नापास झालेल्या दिसतील.

पुस्तक वाचायला नगररचनेची पदवी लागत नाही. लागतो तो तुमच्या तालुक्याचा नकाशा आणि तुमच्या नळाचं पाणी कुठून येतं याची माहिती. दुसरी गोष्ट मिळवायला पहिलीपेक्षा जास्त वेळ लागेल, त्याची तयारी ठेवा. पाणीपुरवठ्याचा वॉलमन पुष्कळदा अभियंत्यापेक्षा नेमकं सांगतो. योजनेवर किंवा तिच्या फेरबदलावर हरकती-सूचना मागवल्या की मुदतीच्या आत साध्या कागदावर, मराठीत हरकत द्या. तिच्यात सात-बाराच्या वादाबरोबर एक ओळ वाढवा. आमच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत आणि त्याचं पाणलोट नकाशावर दाखवा. सोबत विहिरीचा गट नंबर जोडा आणि पोच घ्यायला विसरू नका.